ग्रिडवरून समोच्चरेषा काढताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पावसाळा लागला की मला ठरावीक मेसेज यायला लागतात. "समुद्रावर उणे पाऊस दिसतोय", "आंबोलीच्या जागी पांढरं भोक पडलंय", "नकाशा उलटा आलाय का हो?" विचारणारे बहुतेक भूगोलाचे, शेतकी कॉलेजचे नाहीतर इंजिनिअरिंगचे विद्यार्थी असतात. पायथॉन जुजबी येतं आणि प्रोजेक्ट परवावर आलेला असतो. त्याच त्याच उत्तरांचे मेसेज टाइप करण्यापेक्षा एकदाच सगळं लिहून ठेवतोय.

उदाहरणं मॅटप्लॉटलिब या लायब्ररीची आहेत, आणि बहुतेक ठिकाणी डेटा भारतीय हवामान विभागाचा रोजच्या पावसाचा, 0.25 अंशाच्या ग्रिडचा, म्हणजे दर पाव अंशावर एक आकडा असलेल्या जाळीचा आहे. आज्ञांची नावं मी देवनागरीत लिहिली आहेत. टाइप करताना अर्थातच ती रोमन अक्षरांत करायची.

समोच्चरेषा, समपर्जन्यरेषा आणि कॉन्टूर हे एकच का?

बारावीपर्यंतच्या भूगोलात ज्यांना सममूल्य रेषा म्हणतात त्या याच. उंचीच्या असल्या तर समोच्च, पावसाच्या असल्या तर समपर्जन्य, दाबाच्या असल्या तर समदाब. लायब्ररीला हा फरक कळत नाही. तिच्यापुढे नुसते आकडे असतात, आणि सगळ्यांना ती 'कॉन्टूर'च म्हणते.

लायब्ररी रेषा नेमकी कुठून नेते?

हे एकदा हाताने करून बघा. समजा 16.0 अक्षांशावर 73.75 रेखांशाच्या बिंदूला 60 मिलिमीटर पाऊस आहे आणि पुढच्याच, 74.0 च्या बिंदूला 120. तुम्ही 80 ची रेषा मागितली. 60 पासून 120 पर्यंतच्या वाटेत 80 एक तृतीयांशावर येतात, म्हणून लायब्ररी दोन बिंदूंमधल्या अंतराच्या एक तृतीयांशावर खूण करते. हे अंतर साधारण 27 किलोमीटर आहे, म्हणजे खूण 9 किलोमीटरवर पडली. ग्रिडच्या प्रत्येक चौकोनाच्या चारही बाजूंवर अशा खुणा शोधायच्या आणि सरळ रेघांनी जोडायच्या. बस, एवढंच.

आता ही जागा डोळ्यांपुढे आणा. 73.75 म्हणजे सावंतवाडीच्या जरा अलीकडे आणि 74.0 म्हणजे जवळपास आंबोली. मध्ये घाट आहे. खरा पाऊस खाली सपाटीला एक असतो आणि घाट चढू लागलात की झपाट्याने वाढतो. लायब्ररीला घाट माहीत नाही. तिच्या हिशेबी पाऊस दर किलोमीटरला सारखाच वाढतो. म्हणून ती 80 ची रेषा जिथे दिसते तिथे कुणी मोजमाप केलेलं नसतं, तो दोन आकड्यांमधला त्रैराशिकाचा हिशेब असतो. या पानावरच्या निम्म्या तक्रारी इथूनच निघतात.

एक अडचणीची जागा आणखी आहे. चौकोनाचे समोरासमोरचे दोन कोपरे उंच आणि उरलेले दोन सखल असले, तर रेषा दोन तऱ्हांनी जोडता येतात. अशा वेळी लायब्ररी चारही कोपऱ्यांची सरासरी काढून ठरवते. खिंडीच्या जागी हे हमखास घडतं.

'एक्सची लांबी झेडच्या रकान्यांशी जुळत नाही' अशी एरर येते. काय करू?

हा सर्वाधिक विचारला जाणारा प्रश्न, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

आपण बोलताना 'एक्स, वाय' म्हणतो, आधी आडवं मग उभं. झेड म्हणजे आपला पावसाचा ॲरे, आकड्यांचा तक्ता. ॲरेचं उलटं असतं, आधी ओळ मग रकाना. ओळी म्हणजे अक्षांश आणि रकाने म्हणजे रेखांश. हवामान विभागाचं ग्रिड 6.5 ते 38.5 उत्तर आणि 66.5 ते 100 पूर्व असं पसरलेलं आहे. पाव-पाव अंशाने मोजलं तर 129 अक्षांश आणि 135 रेखांश होतात, म्हणजे एका दिवसाचे 17,415 आकडे. माहितीपत्रकात हे '135 × 129' असं लिहिलेलं असतं, आणि माणूस तसंच रीशेप करतो, म्हणजे आकड्यांना तोच आकार देतो. ते चूक आहे. फाइलमध्ये पहिला आकडा 6.5 उत्तर, 66.5 पूर्वचा, दुसरा 6.5 उत्तर, 66.75 पूर्वचा, म्हणजे आधी एक अख्खी आडवी ओळ संपते. तेव्हा आकार (दिवस, 129, 135) असाच हवा.

एरर आली तर देवाचे आभार माना. खरा घोळ ती न येता होतो. पहिला रीशेप चुकला, मग एरर घालवायला कुणीतरी ट्रान्सपोज केलं (ओळी-रकान्यांची अदलाबदल केली) आणि नकाशा निमूटपणे उमटला, की चूक कळायला मार्ग राहत नाही.

त्यासाठी एक पडताळा ठेवा. 16.0 उत्तर, 74.0 पूर्व हा आंबोलीच्या अगदी जवळचा बिंदू. त्याची ओळ (16 − 6.5) ÷ 0.25 म्हणजे 38, आणि रकाना (74 − 66.5) ÷ 0.25 म्हणजे 30. जुलैतला कुठलाही भरपावसाचा दिवस घ्या आणि [38, 30] छापून बघा. मग [30, 38] छापा. तो बिंदू 14 उत्तर, 76 पूर्व, म्हणजे कर्नाटकात चित्रदुर्गाच्या बाजूला येतो. तिकडे कोकणासारखा पाऊस नसतोच. दोन आकडे उलटे दिसले तर तुमचा ॲरे आडवा पडलाय.

मेशग्रिड करावंच लागतं का?

नाही. मेशग्रिड म्हणजे दोन याद्यांपासून प्रत्येक बिंदूचे अक्षांश-रेखांश सांगणारे द्विमितीय ॲरे करणं. अक्षांश-रेखांशांच्या साध्या एकमितीय याद्या दिल्या तरी 'कॉन्टूर' चालवून घेतं. ग्रिड तिरकं किंवा वाकडं असेल तरच द्विमितीय लागतात.

नकाशा उलटा आलाय हे ओळखायचं कसं?

कोकणाचा नकाशा उत्तर-दक्षिण उलटला तरी समुद्र डावीकडेच राहतो आणि सह्याद्री उजवीकडेच. त्यामुळे पटकन शंका येत नाही. खूण किनाऱ्याच्या कलात आहे. मुंबई 72.8 पूर्वेला, रत्नागिरी 73.3 ला, मालवण 73.5 च्या आसपास. म्हणजे खाली जावं तसा किनारा उजवीकडे सरकायला हवा. तो डावीकडे सरकत असला तर तुमच्या नकाशात गोवा वर आणि मुंबई खाली आहे.

कारण बहुधा असं असतं: एसआरटीएम, म्हणजे अवकाशयानातल्या रडारने मोजलेल्या उंचीच्या, फाइलमध्ये पहिली ओळ उत्तरेची असते, आणि अक्षांश न देता नुसता ॲरे दिला तर 'कॉन्टूर' पहिली ओळ तळाशी ठेवतो. 'इमशो' (ॲरे चित्रासारखा दाखवणारी आज्ञा) मात्र तीच ओळ वर ठेवतो. दोन्ही एकावर एक काढले की एक सुलटा आणि एक उलटा. अक्षांशांची यादी नेहमी सोबत द्या, उतरत्या क्रमाने असली तरी चालते. मग हा प्रश्नच उरत नाही.

किनाऱ्यालगत सगळ्या रेषा गच्च एकत्र का येतात?

कारण समुद्रावर पाऊस मोजलेला नाही आणि त्या जागी −999 भरलेलं आहे. हा आकडा नसून 'इथे काही नाही' अशी खूण आहे, पण लायब्ररी तो आकडाच धरते. समुद्रातल्या −999 पासून जमिनीवरच्या 80 पर्यंत जायचं तर मधल्या सगळ्या रेषा त्या एकाच चौकोनात कोंबाव्या लागतात. किनाऱ्याला भिंत बांधल्यासारखं दिसतं.

माझ्या पहिल्या नकाशात गुहागरला उणे चारशेहून अधिक मिलिमीटर पाऊस पडला होता. मी आधी ग्रिड बारीक करून घेतलं होतं आणि −999 नंतर काढणार होतो. पण बारीक करताना −999 आणि शेजारच्या खऱ्या पावसाची सरासरी होऊन बसली, आणि नंतर शोधायला −999 कुठे शिल्लकच नव्हतं. तोंडी परीक्षेला आलेल्या सरांनी चष्मा वर करून "उणे पाऊस म्हणजे बाष्पीभवन का रे?" असं विचारलं. मी हो म्हणालो.

तेव्हा क्रम पाळा: फाइल वाचली की लगेच, दुसरं काहीही करायच्या आधी, −999 च्या जागी 'नॅन' (म्हणजे 'हा आकडा नाही') घाला किंवा मास्क केलेला, म्हणजे नको ते आकडे झाकलेला, ॲरे वापरा. मॅटप्लॉटलिब दोन्ही ओळखतं आणि तिथे रेषा काढत नाही. चौकोनाचा एकच कोपरा रिकामा असला तर उरलेल्या तिघांचा त्रिकोण रंगवला जातो, म्हणून किनारा करवतीसारखा दातेरी दिसतो. ते बरोबर आहे, दुरुस्त करायला जाऊ नका.

किती पातळ्या ठेवाव्यात?

काहीच सांगितलं नाही तर लायब्ररी सात-आठ गोल आकडे स्वतः निवडते: 0, 40, 80, 120 असे. उंचीसाठी ते ठीक आहे. पावसाचं तसं नाही. बहुतेक देशात त्या दिवशी 10 च्या आत पाऊस असतो आणि कोकणपट्टीत 200. समान अंतराच्या पातळ्या घेतल्या की सगळा देश एका रंगाचा आणि कोकणात रेषांचा गुंता.

पावसासाठी हवामान विभागाचेच वर्ग घ्यावेत असं माझं मत आहे. 2.5 पासून हलका, 15.6 पासून मध्यम, 64.5 पासून जोरदार, 115.6 पासून अति जोरदार आणि 204.5 पासून अत्यंत जोरदार. हेच आकडे यादी म्हणून 'लेव्हल्स'ला द्या. बातम्यांत ऐकलेला शब्द आणि नकाशातला रंग जुळला की वाचणाऱ्याला वेगळं समजावावं लागत नाही.

फक्त रंग स्वतः नेमून द्या किंवा 'बाउंडरीनॉर्म' (प्रत्येक पट्ट्याला वेगळा रंग वाटणारी सोय) वापरा. नाहीतर लायब्ररी आकड्यांच्या प्रमाणात रंग वाटते, आणि 2.5 व 15.6 चे पट्टे जवळपास एकाच रंगाचे येतात.

सगळ्यात जास्त पाऊस जिथे आहे तिथेच पांढरं भोक का?

शेवटची पातळी 204.5 दिली आणि आंबोलीला 260 असला, तर 'कॉन्टूरएफ'च्या (पट्टे भरणाऱ्या आज्ञेच्या) मते तो कुठल्याच पट्ट्यात बसत नाही. म्हणून तो रंगवतच नाही. अतिवृष्टीच्या ठिकाणीच नकाशा कोरा! 'एक्स्टेंड'ला 'मॅक्स' सांगा, म्हणजे वरचं सगळं शेवटच्या रंगात जाईल आणि रंगपट्टीला टोक येईल. खालच्या बाजूचंही तसंच: 2.5 च्या आतला भाग कोरा हवा असेल तर ठीक, नको असेल तर यादीत 0 घाला. पट्टा वरच्या टोकाचा आकडा धरतो आणि खालचा सोडतो, पण सगळ्यात खालच्या पट्ट्याला दोन्ही टोकं चालतात, त्यामुळे शून्य पाऊस गळत नाही.

तारीख एक दिवसाने चुकल्यासारखी का वाटते?

पाऊस सकाळी साडेआठला मोजतात आणि त्या दिवसाची तारीख घालतात. 22 जुलै 2021 ला चिपळूण पाण्याखाली गेलं. त्याच्या आदल्या रात्री पडलेला पाऊस 22 च्या आकड्यात असतो आणि 22 ला साडेआठनंतर पडलेला 23 च्या. पुराचा नकाशा करताना दोन्ही दिवस घ्या.

रेषा काढू, पट्टे भरू की नुसते चौकोन रंगवू?

देशाचा नकाशा असेल तर भरलेले पट्टे छान दिसतात. उंचीचा असेल तर रेषा. पण नुसत्या कोकणाचा पाऊस दाखवायचा असेल आणि ग्रिड 0.25 अंशाचं असेल, तर मी 'पीकलरमेश' वापरा म्हणेन, म्हणजे सरळ चौकोन.

रत्नागिरीपासून आंबा घाटापर्यंत अर्धा अंशच रेखांश आहे. म्हणजे किनारा आणि डोंगरमाथा यांच्यात दोन चौकोन. दोन आकड्यांच्या जोरावर वळणदार समपर्जन्यरेषा काढल्या की बघणाऱ्याला वाटतं, लांज्याचा पाऊस वेगळा आणि पालीचा वेगळा मोजलाय. चौकोन दिसले की त्याला कळतं, इथे दोनच आकडे आहेत. दिसायला ओबडधोबड असतं, हे मान्य. मार्गदर्शक मॅडम "जरा प्रोफेशनल करा" म्हणतील, हेही मान्य.

रेषा तुटक-तुटक, खडबडीत येतात. गुळगुळीत कशा करू?

आधी 'का' ते ठरवा. उंचीच्या नकाशात झाडं-इमारतींमुळे किरकोळ खाचखळगे येतात. तिथे 'गॉसियन फिल्टर' (प्रत्येक आकड्याची शेजाऱ्यांशी सरासरी करणारा) हलक्या हाताने फिरवला तर हरकत नाही. शिखरं थोडी बुटकी होतात, एवढं लक्षात ठेवा.

पावसाला तोच फिल्टर लावलात तर गंमत होते. सिग्मा, म्हणजे फिल्टरची रुंदी, 1 ठेवला तरी फिल्टर चार चौकोन लांबपर्यंत बघतो, आणि त्या टापूत एक जरी 'नॅन' आला तर उत्तर 'नॅन'. समुद्र सगळा 'नॅन' आहे. कोकण दोन-तीन चौकोन रुंद. म्हणजे नकाशातून अख्खं कोकण गायब होतं आणि कोल्हापूरला किनारा लागतो. उपाय असा: 'नॅन'च्या जागी 0 घालून फिल्टर लावा, मग जमिनीला 1 आणि समुद्राला 0 असा वेगळा ॲरे करून त्यालाही तोच फिल्टर लावा, आणि पहिल्याला दुसऱ्याने भागा. शेवटी समुद्र पुन्हा झाका.

'झूम' वापरून ग्रिड दहापट बारीक करणं ही दुसरी आवडती युक्ती. ती मुळात घनवक्र बसवते. पाऊस एकदम कोसळतो अशा घाटमाथ्याच्या पूर्वेला तो वक्र शून्याच्या खाली झोका घेतो, आणि पुन्हा उणे पाऊस! पहिल्या दर्जाचं, म्हणजे सरळ रेषेचं इंटरपोलेशन घ्या. तेही नवीन माहिती देत नाही, पण खोटी तरी देत नाही.

माझ्याकडे ग्रिड नाही, पर्जन्यमापकांचे सुटे बिंदू आहेत.

'ट्रायकॉन्टूर' वापरा. ते बिंदूंमध्ये त्रिकोण विणतं आणि प्रत्येक त्रिकोणात तसाच सरळ हिशेब करतं. दोन गोष्टी सांभाळा. त्रिकोण सगळ्यात बाहेरच्या बिंदूंपर्यंत पसरतात, त्यामुळे किनाऱ्यावरच्या दोन गावांमध्ये खाडीचं तोंड किंवा समुद्राचा तुकडा असला तर त्यावरही पाऊस काढला जातो. ते त्रिकोण मास्क करा. आणि एक बिंदू महाबळेश्वरचा व दुसरा वाईचा असेल तर मधला उतार सरळ समजू नका. अंतर थोडं आहे, पण पाऊस कितीतरी पटीने कमी होतो, आणि तो नेमका कुठे कमी होतो हे त्या दोन बिंदूंना ठाऊक नसतं.

उंचीची फाइल उघडली की कॉम्प्युटर गोठतो.

एसआरटीएमच्या एका अंशाच्या तुकड्यात 3601 × 3601, म्हणजे सुमारे 1 कोटी 30 लाख आकडे असतात. दर दहावा घ्या, जिल्ह्याच्या नकाशाला पुरतात. −32768 दिसलं तर तो −999 चाच चुलत भाऊ.

नकाशा बसका दिसतो.

17 अक्षांशाला रेखांशाचा अंश अक्षांशाच्या अंशापेक्षा सुमारे साडेचार टक्के आखूड असतो. 'सेट आस्पेक्ट'ला 1.046 द्या.

मराठीत नावं लिहिली की चौकोन येतात, नाहीतर 'रत्नागिरी' फुटते.

चौकोन येतात ते फॉन्टमुळे. लायब्ररीच्या मूळ फॉन्टमध्ये देवनागरी नाही. 'नोटो सॅन्स देवनागरी' किंवा 'मुक्ता' बसवून फॉन्ट फॅमिलीत नाव द्या. आकडे लगेच ठीक दिसतात, म्हणजे 'सीलेबल'ने रेषांवर मराठी अंक हवे असतील तर काम झालं. त्याच्या 'एफएमटी'ला फंक्शन देता येतं, त्यात अंक बदलून घ्या.

नावांचं दुखणं वेगळं. जोडाक्षरं जुळवणं आणि पहिली वेलांटी अक्षराच्या आधी नेणं हे काम मॅटप्लॉटलिबच्या बऱ्याच आवृत्त्या करत नाहीत. 'रत्नागिरी'तला 'त्न' मोडतो आणि 'गि'ची वेलांटी चुकीच्या बाजूला बसते. मी चित्र एसव्हीजीमध्ये साठवतो आणि 'एसव्हीजी.फॉन्टटाइप'ला 'नन' देतो. मग अक्षरं चित्र न बनता मजकूर म्हणूनच राहतात, आणि ती नीट जुळवायचं काम ब्राउझर करतो. तिथून पीडीएफ काढायची.

जुना कोड 'कलेक्शन्स' नाही म्हणून अडतो.

3.8 आवृत्तीपासून सगळ्या रेषा मिळून एकच वस्तू झाली, आणि 3.10 मध्ये 'कलेक्शन्स' काढून टाकलं. रेषांचे बिंदू हवे असतील तर 'गेट पाथ्स' किंवा 'ऑलसेग्ज' वापरा.

समुद्राची खोली वावांत दाखवता येईल का?

येईल, आणि आपल्याकडे तशीच दाखवावी. एक वाव म्हणजे 1.83 मीटर. जेब्को या समुद्राच्या खोलीच्या जागतिक नकाशाच्या ग्रिडमध्ये जमीन अधिक आणि खोली उणे मीटरमध्ये असते. ॲरेला −1.83 ने भागलं की खोली वावांत आणि अधिक चिन्हाची होते. भागलं नाही तर पातळ्या [−50, −20, −10] अशा चढत्या क्रमाने द्याव्या लागतात. −10 पासून सुरुवात केलीत तर 'पातळ्या चढत्या हव्यात' म्हणून एरर येईल. एकाच रंगात काढल्या तर उण्या रेषा आपोआप तुटक येतात, तो दोष नव्हे.

मात्र शून्याची रेषा किनारा म्हणून वापरू नका, आणि असल्या नकाशावर होडी तर मुळीच हाकू नका. या ग्रिडचा एक चौकोन साधारण 450 मीटरचा आहे, त्यात अरुंद खाड्या बुजतात. सिंधुदुर्ग किल्ला सुमारे 48 एकरांवर आहे, म्हणजे जेमतेम एक चौकोन. मालवणच्या मामांना मी मोठ्या हौसेने वावांचा नकाशा छापून दिला. त्यांनी तो खिडकीपाशी नेऊन उजेडात धरला, वरून खाली बोट फिरवलं आणि विचारलं, "किल्लो खंय आसा?" तेव्हापासून किनारा आणि बेटं मी वेगळ्या फाइलमधून आखतो, आणि खोलीच्या रेषा त्याच्या खाली.